सिनॅप्टोफायसिनची अँटीबॉडी पहिल्यांदा हातात येणार असेल तर आधी हे वाचून घ्या

परभणी, लातूर, नांदेड, बीडकडून एमएस्सी करून पीएचडीला किंवा प्रोजेक्टवर लागलेली पोरं-पोरी मला मेसेज करतात, त्यात बहुतेक वेळा दोनच गोष्टी असतात. एक तर ताई बँडच येईना, नाहीतर ताई बँड आला, आता पुढं काय. बँड म्हणजे वेस्टर्न ब्लॉटवरची रेघ, प्रोटीनं जेलवर वजनानुसार वेगळी करून मेम्ब्रेनवर उतरवतात (तोच ट्रान्सफर) आणि हवं ते अँटीबॉडीनं शोधतात तेव्हा दिसते ती. पहिल्याला उत्तर देणं सोपंय, कुठंतरी ट्रान्सफर फसलेला असतो, सेकंडरी (पहिल्या, म्हणजे प्रायमरी अँटीबॉडीला पकडून सिग्नल देणारी दुसरी अँटीबॉडी) भलतीच लावलेली असते, शोधलं की सापडतंच. दुसऱ्या मेसेजची मला जास्त धास्ती वाटते. बँड आला म्हणजे आपलं प्रोटीन सापडलं असं धरून लोक सगळ्या ग्रुपचे रॅट वापरून मोकळे होतात आणि मग लई दिवसांनी व्हायवात कुणीतरी विचारतं की हा बँड सिनॅप्टोफायसिनचाच, म्हणजे मज्जातंतूंच्या जोडावरच्या त्या प्रोटीनचाच कशावरून, आणि समोर सगळं गार. तर मी जे काही खाली लिहिलंय ते त्या एका 'कशावरून' साठी आहे. प्रोटोकॉल तुम्हाला कुठंही मिळेल, तो मी इथं उतरवत बसणार नाही.

मी नांदेडकडची, शिक्षण तिकडंच, आता संभाजीनगरात एका लॅबमध्ये रॅटच्या मेंदूवर काम करते. विषय कीटकनाशकांचा. आपल्याकडं कापूस-सोयाबीनचा पट्टा, फवारणी प्रत्येकाच्या घरातली, त्यामुळं हा विषय इथं फिरून फिरून निघतोच. ऑरगॅनोफॉस्फेट औषधं ॲसिटाइलकोलिनएस्टरेज या एन्झाइमला अडवतात हे सगळ्यांना पाठ असतं, पण थोडा थोडा डोस बरेच दिवस गेला तर सिनॅप्सचं (मज्जातंतूंच्या जोडाचं) काय होतं हे बघायचं म्हटलं की मार्कर, म्हणजे खूण म्हणून मोजायचं प्रोटीन लागतं आणि दहातले आठ गाईड सिनॅप्टोफायसिनचंच नाव घेतात. घ्यायलाही हरकत नाही. फक्त का घेतलं ते तुम्हाला सांगता आलं पाहिजे, लातूर पॅटर्ननं पाठ केलेलं इथं एका प्रश्नापलीकडं टिकत नाही.

आधी प्रोटीन समजून घ्या. मज्जातंतूच्या टोकाशी न्यूरोट्रान्समीटर भरलेल्या छोट्या छोट्या पिशव्या असतात, सिनॅप्टिक व्हेसिकल, साधारण ४० नॅनोमीटरच्या. सिनॅप्टोफायसिन त्या पिशवीच्या पडद्यातून चार वेळा आरपार जातं आणि त्याची दोन्ही टोकं पिशवीच्या बाहेर, म्हणजे सायटोप्लाझमच्या बाजूला राहतात. १९८५ साली दोन ग्रुपनी ते वेगवेगळं शोधलं, एकीकडं विडेनमान आणि फ्रँके, दुसरीकडं यान आणि ग्रीनगार्ड यांची टीम. गंमत म्हणजे ते ओळखलं गेलं तेच मोनोक्लोनल अँटीबॉडीच्या (एकाच पेशीच्या वंशातून, म्हणजे एका क्लोनमधून येणारी, सगळी एकसारखी) मदतीनं, एसवाय३८ हा क्लोन तेव्हाचाच, आणि कॅटलॉगमध्ये तो तुम्हाला आजही दिसेल. जेलवर त्याचं वजन दिसतं ३८ किलोडाल्टन. पण अमिनो आम्लांच्या हिशोबानं ते ३४ च्या आसपास यायला पाहिजे, वरचा फरक त्याला चिकटलेल्या साखरेचा. हा फरक लक्षात ठेवा, पुढं फार कामाला येतो.

अजून एक आकडा डोक्यात ठेवा. २००६ मध्ये ताकामोरी आणि सहकाऱ्यांनी रॅटच्या मेंदूतली व्हेसिकल शुद्ध करून एकेका व्हेसिकलवर कुठलं प्रोटीन किती ते मोजलं. सिनॅप्टोब्रेव्हिन सरासरी ७० च्या आसपास, सिनॅप्टोफायसिन ३० च्या वर, सिनॅप्टोटॅगमिन १५ च्या आसपास. म्हणजे आपलं प्रोटीन भरपूर आहे. नव्या माणसाला वाटतं बरं झालं, बँड लवकर येईल. येतोच. आणि तिथंच घोळ होतो, कारण भरपूर असलेल्या प्रोटीनचा बँड लगेच सॅच्युरेट होतो. मेंदूचं लायसेट (पेशी फोडून काढलेला प्रोटीनचा अर्क) सवयीनं ३०-४० मायक्रोग्रॅम लोड केलं, एक्स्पोजर दणकून दिलं, की कंट्रोल आणि ट्रीटेड (औषध दिलेले) दोन्हीकडं सारखेच काळेकुट्ट ठोकळे दिसतात आणि आपण लिहून टाकतो की फरक नाही. फरक असेलही, तुमच्या बँडला तो दाखवायला जागाच उरलेली नसते. म्हणून पहिल्या ब्लॉटवर एकही ट्रीटेड सॅम्पल लावू नका. एकच कंट्रोल लायसेट घ्या, २, ५, १०, २०, ४० मायक्रोग्रॅम असं चढत लावा आणि बँडची तीव्रता मोजून बघा कुठपर्यंत ती प्रमाणात वाढतेय. जिथं रेषा आडवी व्हायला लागते त्याच्या बऱ्याच खाली तुमचं लोडिंग पाहिजे. सिनॅप्टोफायसिनला बऱ्याचदा ५-१० मायक्रोग्रॅम पुरतं. गाईडला वाटेल ही पोरगी वेळ घालवायली, घालवू द्या म्हणावं.

आता अँटीबॉडी निवडायचं. इथं सगळ्यात मोठा गैरसमज असतो की अँटीबॉडी प्रोटीन ओळखते. ती प्रोटीनचा एक छोटासा तुकडा ओळखते, तोच किंवा तसाच तुकडा दुसऱ्या कुणाकडं असला तर त्यालाही जाऊन चिकटते. लग्नात पाठमोऱ्या माणसाला शर्टावरून ओळखून हाक मारावी आणि वळून बघणारा भलताच निघावा, असलं आहे ते. म्हणून डेटाशीट उघडल्यावर वरचा सुंदर बँडचा फोटो सोडा आणि इम्युनोजेन काय दिलंय ते बघा, म्हणजे प्राण्याला टोचताना प्रोटीनचा कुठला भाग टोचला होता. सिनॅप्टोफायसिनच्या बहुतेक चांगल्या अँटीबॉडी शेपटीकडच्या, म्हणजे सी-टर्मिनलच्या भागाविरुद्ध असतात. तो भाग सायटोप्लाझमच्या बाजूला असल्यामुळं कल्चरमधल्या पेशी रंगवताना ट्रायटन वगैरे डिटर्जंट वापरून पडदा उघडावाच लागतो, न उघडता सिग्नल आला तर खूश होऊ नका, संशय घ्या.

नंतर ती कशासाठी तपासलीय ते बघा. वेस्टर्न ब्लॉटमध्ये प्रोटीन उलगडून सरळ झालेलं असतं, पॅराफिन सेक्शनमध्ये फॉर्मेलिननं त्याला बांधून टाकलेलं असतं, कल्चरमधल्या पेशीत ते जवळपास आपल्या मूळ आकारात असतं. एका ठिकाणी झकास चालणारी अँटीबॉडी दुसऱ्या ठिकाणी मुकी राहू शकते, त्यात अँटीबॉडीचा दोष नसतो. २०२३ मध्ये एक मोठा पेपर आला होता, न्यूरोसायन्सशी संबंधित ६५ प्रोटीनांसाठीच्या बाजारातल्या ६१४ अँटीबॉडी घेऊन त्या नॉकआउट पेशींवर (ज्यांतून त्या प्रोटीनचं जीनच काढून टाकलंय) तपासल्या होत्या, आणि बऱ्याच जणी ज्या कामासाठी विकल्या जातात तेच काम करत नव्हत्या. त्यात सरासरीनं रिकॉम्बिनंट, म्हणजे ठरलेल्या जीनवरून पेशींत बनवलेल्या अँटीबॉडी सरस ठरल्या. पॉलीक्लोनल, म्हणजे टोचलेल्या जनावराच्या रक्तातून काढलेलं मिश्रण, सगळ्यात बेभरवशाच्या, कारण जनावर बदललं की लॉट बदलतो. परवडत असेल तर रिकॉम्बिनंट, नाहीतर जुना, खूप लोकांनी वापरलेला मोनोक्लोनल क्लोन. पॉलीक्लोनल मी फक्त सेक्शनसाठी आणि तेही नाइलाज असला तरच घेईन, हे माझं मत.

आणि प्राणी. तुमचं सॅम्पल माउसचं असेल आणि अँटीबॉडीही माउसमध्ये बनलेली असेल तर सेकंडरीला दोघांत फरक कळत नाही, टिश्यूत राहिलेल्या रक्तातल्या अँटीबॉडीलाही ती जाऊन चिकटते आणि ५० आणि २५ किलोडाल्टनला फुकटचे बँड येतात. माउस टिश्यूला रॅबिटमधली प्रायमरी घ्या. रॅटला माउस मोनोक्लोनल चालते, पण सेकंडरी रॅटविरुद्ध ॲडसॉर्ब केलेली (रॅटच्या अँटीबॉडीला चिकटणारा भाग आधीच काढून टाकलेली) बघून घ्या, माउस आणि रॅटचं रक्ताचं नातं फार जवळचं आहे.

झूलॉजीवाल्यांसाठी वेगळं सांगते, कारण आपल्याकडं अर्ध्या लोकांचं काम माशांवर असतं, कुणी नाथसागरातून आणतं, कुणी टाकीत झेब्राफिश पाळतं. सस्तन प्राण्याच्या सिनॅप्टोफायसिनसाठी बनवलेली अँटीबॉडी माशात चालेलच असं धरून पैसे घालू नका. माशात एसव्ही२ नावाच्या दुसऱ्या व्हेसिकल प्रोटीनची मोनोक्लोनल वर्षानुवर्षं वापरतात. ती अमेरिकेत आयोवा विद्यापीठात जी हायब्रिडोमा (अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशींची) बँक आहे तिथं मिळते, ना नफा तत्त्वावर चालते, किंमत कंपन्यांच्या मानानं कितीतरी कमी. ती अँटीबॉडी मुळात विजेचा झटका देणाऱ्या माशाच्या अवयवातल्या व्हेसिकलविरुद्ध बनवलेली, १९८५ च्याच सुमारास, त्या अवयवात सिनॅप्स खच्चून भरलेले असतात म्हणून. त्यामुळं ती माशापासून माणसापर्यंत चालते. जाता जाता, फिट येणाऱ्या पेशंटला लेव्हेटिरासिटाम देतात ना, आपल्या तालुक्याच्या मेडिकलवरही असते, ती गोळी मेंदूत एसव्ही२ए लाच चिकटते हे २००४ मध्ये कळलं. व्हायवात परीक्षकाचा मूड चांगला असेल तर हे सांगायला हरकत नाही.

खरेदीबद्दल थोडं, कारण अर्धी पीएचडी तिथंच जाते. आम्हाला १०० मायक्रोलिटरसाठी जी कोटेशन आली ती सगळी तीस हजारांच्या पुढचीच होती. जेआरएफ, म्हणजे पीएचडीची फेलोशिप, महिन्याला ३७ हजार. तर कुपी मागवण्याआधी आजूबाजूला विचारा, पुण्या-हैदराबादच्या कुठल्या लॅबनं तोच क्लोन वापरून पेपर काढलाय का, असेल तर सरळ मेल टाका की सर ५ मायक्रोलिटरचा अ‍ॅलिकोट (छोटा वेगळा काढलेला वाटा) ट्रायलला मिळेल का. लोक देतात. खरंच देतात, आपणच लाजतो. काही कंपन्या छोटी ट्रायल साइजही ठेवतात, पण डीलर आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

दुसरं म्हणजे टायमिंग. ग्रँट मार्चच्या आत संपवायची म्हणून सगळे मार्च एंडला ऑर्डर टाकतात आणि परदेशातून यायचा माल उतरतो एप्रिल-मेमध्ये, म्हणजे बरोबर आपल्या ४२ डिग्रीच्या दिवसांत. मुंबई-हैदराबादपर्यंत कोल्ड चेन ठीक असते, तिथून पुढं नांदेड-लातूरचं कुरिअर म्हणजे नशीब. डीलरला लेखी सांगा की शुक्रवार-शनिवारी माल पाठवायचा नाही. एकदा आमचं पार्सल रविवार धरून कुरिअरच्या गोडाऊनमध्ये पडलं होतं, उघडलं तर जेल पॅक कोमट. अशा वेळी डब्याचा, जेल पॅकचा, तारखेचा फोटो काढून त्याच दिवशी मेल करायचा. पण कुपी फेकायची नाही हं. साधी आयजीजी अँटीबॉडी वाटते तेवढी नाजूक नसते, दोन-तीन दिवसांच्या कोमटपणानं ती सहसा मरत नाही, ब्लॉट लावून बघा. एचआरपी (सिग्नल देणारं एन्झाइम) लावलेली सेकंडरी मात्र जास्त लाडाची असते.

साठवण्याचं असं की उघडण्याआधी कुपी मिनिटभर सेंट्रिफ्यूज करा, झाकणाला चिकटलेला थेंबही पैशाचाच आहे. मग ५-१० मायक्रोलिटरचे अ‍ॅलिकोट. सारखं गोठवणं आणि वितळवणं अँटीबॉडीला उन्हापेक्षा जास्त मारतं. ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये आलेली असेल तर उणे २० ला ती गोठत नाही, तिचं टेन्शन कमी. फ्रीज मात्र आपोआप बर्फ वितळवणारा नको, त्यात तापमान सारखं वरखाली होतं. लाईट जाणं हे आपल्याकडं गृहीत धरायचं, त्यामुळं अ‍ॅलिकोटचा डबा डीप फ्रीजच्या मधोमध, भोवतीनं जेल पॅक आणि लाईट गेली की दार उघडायचं नाही असा कागद दारावर चिकटवा, कारण लाईट गेली की सगळे नेमकं दार उघडून बघतात बर्फ आहे का.

सोडियम ॲझाइड, म्हणजे अँटीबॉडी सडू नये म्हणून टाकतात त्याबद्दल एकच ओळ. प्रायमरीत चालतं, पण ते एचआरपीला बंद पाडतं, त्यामुळं सेकंडरीच्या बफरमध्ये चुकूनही नको.

आता सॅम्पल, आणि इथं मला जरा सविस्तर बोलायचंय कारण इंटरनेटवरचे प्रोटोकॉल इथं सरसकट '९५ डिग्री, ५ मिनिटं' लिहून पुढं जातात. पडद्यातून अनेक वेळा आरपार जाणारी प्रोटीनं उकळली की एकमेकांना चिकटून गोळे होतात, जेलमध्ये नीट शिरतच नाहीत आणि वरच्या बाजूला धुरासारखा पट्टा दिसतो. व्हेसिकलवरच्या ग्लूटामेट ट्रान्सपोर्टरसारख्या प्रोटीनांना तर हा त्रास ठरलेला. म्हणून एकच लायसेट दोन ट्यूबमध्ये घ्या, एक उकळा, एक ३७ किंवा ५० डिग्रीला पंधरा-वीस मिनिटं ठेवा, शेजारी शेजारी चालवा. कुठलं चांगलं ते तुमचा जेलच सांगेल, आणि जे ठरेल ते शेवटच्या सॅम्पलपर्यंत बदलायचं नाही. प्रोटिएज इनहिबिटर टाकायचंच, आणि त्यातलं पीएमएसएफ पाण्यात फार काळ टिकत नाही, ते अगदी ऐनवेळी टाका.

दूध. ब्लॉकिंगला (मेम्ब्रेनची मोकळी जागा झाकायला, म्हणजे अँटीबॉडी भलतीकडं चिकटत नाही) ५ टक्के स्किम मिल्क पावडर म्हणजे स्किम मिल्क पावडरच, किराणा दुकानातून डेअरी व्हाइटनर आणू नका, त्यात साखर आणि फॅट असते. हसू नका, मी बघितलंय.

लोडिंग कंट्रोल (प्रत्येक लेनमध्ये सारखंच प्रोटीन गेलंय का हे बघायचं दुसरं प्रोटीन) म्हणून जवळजवळ प्रत्येक जण जीएपीडीएच घेतं, कारण ते लॅबमध्ये आधीच पडलेलं असतं. जीएपीडीएच ३६-३७ किलोडाल्टनला येतं आणि आपलं ३८ ला. म्हणजे त्याच मेम्ब्रेनवर तुम्ही स्ट्रिप करून, म्हणजे आधीची अँटीबॉडी धुऊन काढून, दुसऱ्यांदा लावलं आणि स्ट्रिपिंग अर्धवट झालं, तर जो बँड दिसतोय तो कुणाचा हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. अ‍ॅक्टिन ४२ ला, तेही फार लांब नाही. ट्यूब्युलिन ५०-५५ ला येतं, मेम्ब्रेन मधून कापून दोन तुकडे वेगवेगळ्या अँटीबॉडीत ठेवता येतात. नाहीतर सरळ पूर्ण लेनचा टोटल प्रोटीन स्टेन. पण कापण्याआधी पूर्ण मेम्ब्रेनचा पॉन्सो (सगळी प्रोटीनं दाखवणारा लाल रंग) करून फोटो काढून ठेवाच, जर्नलवाले अख्खा ब्लॉट मागतात.

आता मूळ प्रश्न, कशावरून. सगळ्यात पक्का पुरावा म्हणजे नॉकआउट, ज्या प्राण्यात ते जीनच नाही त्याच्या मेंदूत बँड गायब झाला पाहिजे. सिनॅप्टोफायसिनचे नॉकआउट माउस नव्वदच्या दशकातच बनलेत आणि ते मजेत जगतात, पण ते आपल्याला कोण देणार. तर आपल्यासारख्यांनी काय करायचं? मी पुढच्या गोष्टींवर भर देते आणि यातल्या एकालाही मोठी मशीन लागत नाही.

यकृत लावा. त्याच रॅटचं यकृत, तेवढंच प्रोटीन, शेजारच्या लेनमध्ये. सिनॅप्टोफायसिन मेंदूत भरपूर आणि यकृतात नसल्यासारखं, त्यामुळं यकृतात ३८ ला जोरदार बँड आला तर तुमची अँटीबॉडी दुसऱ्याच कुणाला पकडायली. हा कंट्रोल फुकटात पडतो कारण प्राणी आधीच मंजुरीत असतो, तरी टिश्यू घेणार असल्याचं एथिक्स कमिटीच्या अर्जात आधीच लिहून ठेवा.

मग फ्रॅक्शन. ०.३२ मोलर सुक्रोजमध्ये मेंदू होमोजिनाइज करा, १००० जी ला १० मिनिटं फिरवून न्यूक्लियस आणि कचरा खाली बसवा, वरचं घेऊन १०-१२ हजार जी ला फिरवा, खाली जे बसतं त्यात सिनॅप्टोसोम, म्हणजे तुटून वेगळी झालेली सिनॅप्सची टोकं असतात. मूळ होमोजिनेट आणि हा गोळा सारख्या प्रोटीनवर शेजारी लावले तर सिनॅप्टोफायसिन गोळ्यात वाढलेलं दिसलं पाहिजे आणि हिस्टोनसारखं न्यूक्लियसचं प्रोटीन कमी झालेलं. बँड वाढलाच नाही तर थांबा. साधं रेफ्रिजरेटेड सेंट्रिफ्यूज पुरतं, अल्ट्रासेंट्रिफ्यूजची गरज नाही. आणि हाताला वळण लावायला रॅट वाया घालवू नका, मटणाच्या दुकानातून सकाळी सकाळी बकऱ्याचा भेजा आणा, बर्फात, कापल्यावर जितक्या लवकर मिळेल तितका बरा. डेटाशीटवर बकरी लिहिलेली नसते, पण सिनॅप्टोफायसिन सस्तन प्राण्यांत बरंच सारखं आहे आणि आमच्याकडं तरी बँड आला. डेटा म्हणून ते वापरायचं नाही, सराव म्हणून. दुकानदाराला सांगावं लागलं की प्रयोगाला पाहिजे, तर त्यानं विचारलं बकऱ्याच्या भेज्यात असं काय आहे जे तुमच्या सरांना माहीत नाही. उत्तर अजून शोधायले मी.

तिसरी माझी सगळ्यात आवडती, साखर काढणं. वर सांगितलं ना ३८ आणि ३४ चा फरक. पीएनगेझ एफ नावाचं एन्झाइम एन-जोडणीची साखर छाटतं. लायसेटला ते लावून शेजारी न लावलेलं चालवलं तर खरा सिनॅप्टोफायसिनचा बँड खाली सरकतो. ३८ ला चुकून येणारं दुसरं कुठलं प्रोटीन असं वागेल याची शक्यता कमी. एन्झाइम स्वस्त नाही, पण थोडंसंच लागतं आणि हा एक ब्लॉट व्हायवात दहा वाक्यांचं काम करतो.

जमलं तर प्रोटीनच्या दुसऱ्या भागाविरुद्धची वेगळी अँटीबॉडी लावून तोच पॅटर्न येतो का बघा. पेप्टाइड ब्लॉकिंगवर मात्र फार विसंबू नका. अँटीबॉडीला तिच्याच पेप्टाइडमध्ये बुडवलं की खरे-खोटे सगळेच बँड जातात, त्यातून एवढंच कळतं की अँटीबॉडी पेप्टाइडला चिकटली. आणि प्रायमरी न लावलेली पट्टी, ती तर प्रत्येक वेळी पाहिजेच, त्याला कंट्रोल म्हणून मोठेपणा नाही.

सेक्शन रंगवणाऱ्यांसाठी थोडक्यात. चांगलं स्टेनिंग ठिपक्याठिपक्यांचं दिसतं, हिप्पोकॅम्पसमध्ये पेशींच्या शरीरांभोवतीचा जाळीदार भाग उजळतो आणि न्यूक्लियस काळे राहतात. न्यूक्लियस चमकले की अँटीबॉडी किंवा फिक्सेशन यापैकी काहीतरी बिघडलंय. पॅराफिन असेल तर अँटिजेन रिट्रीव्हल (फॉर्मेलिननं बांधलेलं प्रोटीन तापवून पुन्हा मोकळं करणं) सिट्रेट पीएच ६ आणि ट्रिस-ईडीटीए पीएच ९ दोन्ही करून बघा. मेडिकल कॉलेजच्या पॅथॉलॉजीत कुणी ओळखीचं असेल तर त्यांना विचारा, न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर ओळखायला ते सिनॅप्टोफायसिन नेहमी वापरतात आणि त्यांच्याइतका हात बसलेला माणूस आपल्या डिपार्टमेंटमध्ये नसतो. अपेंडिक्सचा ब्लॉक त्यांच्याकडं पॉझिटिव्ह कंट्रोल असतो, आतड्याच्या भिंतीतलं नसांचं जाळं त्यात रंगतं. माणसाचं टिश्यू घ्यायचं तर एथिक्सची परवानगी आधी, ओळखीवर नाही. आणि कन्फोकल सूक्ष्मदर्शकावर ठिपके मोजून 'एवढी व्हेसिकल' असं लिहू नका, व्हेसिकल ४० नॅनोमीटरचं आणि साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला २०० नॅनोमीटरच्या खालचं वेगळं करता येत नाही, एका ठिपक्यात किती आहेत ते दिसत नसतं.

निष्कर्ष लिहिताना हात जरा आखडता. सिनॅप्टोफायसिन कमी झालं म्हणजे सिनॅप्स कमी झाले असं थेट म्हणता येत नाही. पेशी मेल्या असतील, सिनॅप्स तेवढेच असून व्हेसिकल कमी झाली असतील, किंवा प्रत्येक व्हेसिकलवरचं प्रोटीन कमी झालं असेल. सिनॅप्टोटॅगमिन, सिनॅप्सिन असं दुसरं एखादं प्रीसिनॅप्टिक (सिग्नल पाठवणाऱ्या बाजूचं) आणि पीएसडी-९५ सारखं पोस्टसिनॅप्टिक (घेणाऱ्या बाजूचं) प्रोटीन सोबत बघितलं तर बोलायला जागा मिळते. नुसतं एका बँडवर 'कीटकनाशकामुळं स्मृती गेली' पर्यंत उडी मारलेले थीसिस मी वाचलेत, आणि परीक्षकांनीही वाचलेत.

नोकरीचं विचारता म्हणून सांगते, हैदराबाद-पुण्याकडं प्रोजेक्ट असोसिएटच्या किंवा कंपनीच्या इंटरव्ह्यूला वेस्टर्न येतो म्हणणारे शंभर असतात. मला विचारलं गेलं होतं की नवी अँटीबॉडी दिली तर पहिल्या आठवड्यात काय करशील. मी यकृताची लेन, चढतं लोडिंग आणि साखर छाटण्याचा ब्लॉट सांगितला, तर पुढचा सगळा वेळ त्यावरच गप्पा झाल्या, मार्कशीट कुणी उघडलीच नाही. त्यामुळं कंट्रोलचे ब्लॉट फाइलच्या मागं लपवू नका, प्रेझेंटेशनमध्ये पुढं ठेवा.

लिहिताना मेथड्समध्ये कंपनी, कॅटलॉग नंबर, क्लोन, लॉट नंबर, डायल्युशन आणि आरआरआयडी टाका. हा शेवटचा म्हणजे प्रत्येक अँटीबॉडीला दिलेला कायमचा ओळख नंबर, अँटीबॉडी रजिस्ट्रीच्या साइटवर फुकट शोधता येतो, बरीच जर्नल आता मागतात. आणि नवीन लॉट आला की जुन्याचे एक-दोन अ‍ॅलिकोट शिल्लक असतानाच दोन्ही लॉट एकाच लायसेटच्या दोन पट्ट्यांवर लावून बघा, डायल्युशन पुन्हा ठरवा आणि तो फोटो दोन्ही लॉट नंबरांसकट नोटबुकात चिकटवा. अर्धे सॅम्पल जुन्या लॉटवर आणि अर्धे नव्यावर असं तर कधीच नको, कंट्रोल आणि ट्रीटेड दोन्ही एकाच जेलवर, एकाच लॉटवर.